कापशीचं पहिलं बाळंतपण

२४ जानेवारी १९९२, शुक्रवार

— आणि जाताना सुनेनं पोर नेली, दुपटी नेली, पाळण्याची दोरीसुद्धा सोडून नेली, मग हा ससा कुणासाठी ठेवला? माझ्यासाठी? मला विचारलं होतं? घरात दोन बैल, एक शेळी, एक नवरा आणि एक मुलगा आहे. सगळ्यांचं चारापाणी मीच करते. त्यात आता हा!

ससा नाही, मादी आहे. सुनेनं नाव ठेवलंय कापशी. पांढरी म्हणून. तिचा भाऊ झुलाल, त्यानं धुळ्याच्या प्रदर्शनातून आणून दिली. पहिल्या दिवाळीला! लोक बहिणीला लुगडं देतात.

आज सात दिवस झाले पुष्पा शिंदखेड्याला माहेरी जाऊन बसली. का, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वीस बायकांसमोर म्हटलं, आमच्या सुनेला दूध नाही, कोरडी आहे, नावाची आई आहे, सव्वा महिन्याची पोर शेळीच्या दुधावर चाललीये. यात खोटं काय? शेळी माझी, धार मी काढते, मला माहीत नाही? तिसऱ्या दिवशी झुलाल आला आणि घेऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

लीलाधर सकाळी म्हणाला, "आई, मी जाऊन आणू का तिला?"

मी म्हटलं, "गेलास तर तिकडंच राहा. आणायला कोणी जाणार नाही. गेली तशी येईल. आपल्या पायांनी."

पोरगा न जेवता जिनिंग मिलला कामाला गेला. जाऊ दे. भूक लागली की येतात.

२५ जानेवारी

कापशीला हरभऱ्याचा पाला टाकला. तोंड लावलं नाही. मालकिणीसारखीच रुसकी.

२६ जानेवारी, रविवार

आता हे नवीन. कापशी पोटाचे केस उपटते! सकाळी पिंजऱ्यात पाहिलं तर कोपऱ्यात केसांचा ढीग आणि हिच्या तोंडात पुंजका. पोटाची कातडी उघडी, गुलाबी. खरूज, दुसरं काय. चार वर्षांपूर्वी तांबड्या बैलाला अशीच झाली होती. करंजाचं तेल आणि गंधक, आठ दिवसांत साफ.

तेल कोमट केलं, गंधक कालवलं. लीलाधरला म्हटलं, धर. त्यानं धरली. मी पोटाला सगळीकडे नीट चोळून लावलं. एक जागा सोडली नाही. मला अर्धवट काम जमत नाही.

हे ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "तिला राहू दे. तिचं ती बघेल."

यांचं सगळ्यांच्या बाबतीत हेच. राहू दे!

२७ जानेवारी

पुन्हा उपटले. पुन्हा तेल लावलं, कालच्यापेक्षा जास्त. केस झाडून काढले आणि अंगणात जाळले, खरूज पसरायला नको म्हणून. घाण वास! शेवंताबाई तिच्या दारातून ओरडली, "काय जाळी राहिनी वं?" मी म्हटलं, रोग.

२८ जानेवारी, मंगळवार

पिल्लं झाली!!

सकाळी चारा टाकायला गेले तर पिंजऱ्यात उंदीर दिसले. ओरडलेच मी. मग पाहिलं तर उंदीर नाही. सहा पिल्लं. नागडी, लाल, डोळे मिटलेले, माझ्या अंगठ्याएवढी. पाच फळीवर इकडेतिकडे पडलेली आणि एक जाळीपाशी. ते गार झालं होतं. गेलेलं.

मी तशीच शेजारी गेले. शेवंताबाईचा मुलगा भिकन, शिंपी. पन्नाशीचा बाप्या, पण ससे पाळतो, शिवणयंत्राखाली पिंजरा आहे. डिसेंबरच्या शेवटी पुष्पाच्या पोरीला ताप आला, घरात सगळी पळापळ, तेव्हा कापशीला चार दिवस त्याच्याकडे ठेवली होती. तेव्हाच मी बजावलं होतं, तुझा नर लांब ठेव.

"ठेवला होता अक्का," म्हणाला. सुईत दोरा ओवत होता. वर बघेना.

"किती लांब?"

"…पहिल्या दिवशी ठेवला होता."

शिंपी लोकांचं मोजमाप!

आला मग पाठोपाठ. पिंजऱ्यात वाकून बघितलं आणि म्हणतो, "अक्का, हिचे केस कुठे गेले?"

"जाळले. खरूज होती."

"खरूज नव्हे हो! पिल्लं व्हायच्या आधी ससीण पोटाचे केस उपटते, पिल्लांच्या अंथरुणासाठी. तिनं गादी केली होती. तुम्ही गादी जाळली."

मला काय माहीत! शेळी उपटते का? गाय उपटते का? जन्मात पाहिलं नाही असलं.

तेलाचं मी काही बोलले नाही. त्यानं विचारलं नाही.

साबणाचं खोकं घेतलं, आत गवत, वर सरकी काढलेला कापूस. घरात कापसाची काय कमी. पाचही पिल्लं उचलून ठेवली. कापशीला आत ठेवली तर टुणकन बाहेर. पुन्हा ठेवली, पुन्हा बाहेर. कोपऱ्यात बसून पाला खाते. पोटची पिल्लं कुडकुडतात आणि ही जेवते! दिवसभर एकदा जवळ गेली नाही. शेळी कशी, करडू पडल्यापासून चाटत राहते. हिचं पहिलं बाळंतपण आहे हे मान्य. पण पहिलं असलं म्हणून काय माया नसते?

नावाची आई.

२९ जानेवारी

आणखी एक गेलं. चार राहिली. पोटं खपाटीला गेलीत, कातडीला सुरकुत्या. हात लावला की तोंडं वर करतात, शोधतात. कापशी ढिम्म.

एकाच्या पायाला कापसाचा धागा गुंडाळला गेला होता, पाय निळा पडलेला. नखानं सोडवला. कापूस सगळा काढला. भिकननं त्याच्या सशांचे केस आणून दिले पिशवीभर, ते घातले.

म्हटलं, "ही पाजत नाही रे. काल सकाळपासून बघते आहे."

"ससीण दिवसभर पाजत नाही, अक्का. पहाटे एकदाच. पाच मिनिटं. बाकी वेळ पिल्लांपासून लांबच राहते, कुत्र्या-मांजराला पत्ता लागू नये म्हणून. तशी जात आहे ती."

मला नाही पटलं. दिवसातून पाच मिनिटं! असली कुठे आई असते?

संध्याकाळी शेळीचं दूध कोमट केलं, कापसाची वात भिजवली आणि एकेकाच्या तोंडात थेंब सोडला. चार पिल्लांना तास गेला. भाकरी करपली. यांनी तशीच खाल्ली. लीलाधर म्हणाला, "पोरीला पण तू असंच वातीनं गूळपाणी पाजत होतीस." एवढंच म्हणाला आणि उठला.

३० जानेवारी, गुरुवार

पहाटे पाचला उठून पिंजऱ्यासमोर पोत्यावर बसले. चिमणी लांब ठेवली. आज बघायचंच, पाजते की नाही.

बसले, बसले. पाय आखडले. मग कापशी उठली. इकडे-तिकडे कान केले. खोक्यात उतरली आणि पिल्लांवर उभी राहिली, अशी, चारी पाय ताठ. हलेना. भिकन खरं बोलला! पाजायलाच आली होती!

पण पिल्लं पिईनात. आधी सगळी एकदम उसळली, पोटाला तोंडं लावली. आणि मान फिरवली. पुन्हा लावायची, पुन्हा फिरवायची. चिरकत होती नुसती. कापशी उभीच. मी मनात मोजत होते. पाच मिनिटं नाही, जास्तच उभी राहिली. मग बाहेर आली आणि पाठ करून बसली.

मला राहवेना. तिला उचलली, मांडीवर उताणी घेतली. पहिल्या वेताची शेळी लाथा मारते तेव्हा असंच धरून पाजावं लागतं. ही लाथ मारत नव्हती. गप पडली होती. सड चेपून पाहिला — दूध! टच्च भरलेली होती. बोटाला लागलं ते मी जिभेला लावलं.

कडू जहर.

करंजाचं तेल. दोन दिवस चोळून चोळून लावलेलं. एक जागा न सोडता.

लीलाधर अडीच वर्षांचा होईतो प्यायचा, सोडत नव्हता. तेव्हा सासूनं मला कडुलिंबाचा पाला वाटून दिला, म्हणाली लाव. लावला. एका दिवसात पोरगं सुटलं. बायकांना हे सांगावं लागत नाही, कडू लावलं की पोर तोंड फिरवतं. मला माहीत आहे! या गल्लीत चार जणींना मीच सांगितलंय! आणि दोन दिवस या मुक्या जनावराला शिव्या देत बसले.

कोमट पाण्यात डाळीचं पीठ कालवून तिचं पोट धुतलं. तीनदा. जिभेनं पाहिलं. अजून कडू. चौथ्यांदा धुतलं. फडक्यानं पुसून उन्हात घेऊन बसले. शेवंताबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "आता ससानं बी बाळंतपण करी राहिनी का?" आणि हसली. मी उत्तर दिलं नाही. हे पण नवीनच.

दुपारपर्यंत एक पिल्लू गेलं. पाय निळा पडला होता तेच.

तीन राहिली.

३१ जानेवारी, शुक्रवार

प्याली!!!

पहाटे मांडीवर धरली आणि तिन्ही लावली. चिकटली ती सुटेनात. चुटुचुटु आवाज येत होता. सोडली तेव्हा पोटं एवढी गोल, की कातडीतून पांढरं दूध दिसत होतं.

यांना उठवून दाखवलं. म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, तिचं ती बघेल." जाऊ दे. आज भांडत नाही.

१ फेब्रुवारी

आज धरावं लागलं नाही. आपणहून खोक्यात गेली, पाजलं, बाहेर आली. मी पोत्यावर नुसती बसले होते.

२ फेब्रुवारी, रविवार

लीलाधर सकाळच्या गाडीनं अमळनेरला मित्राकडे गेला. संध्याकाळी आला. सदरा धुवायला टाकला. मी उचलला तर खांद्यावर पांढरा वाळलेला डाग. तान्हं पोर दूध ओकतं तसा. हुंगला.

शेळीच्या दुधाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. हा तो नव्हता.

"अमळनेरचा मित्र अंगावर पितो वाटतं?"

पोरगा भिंतीकडे बघत म्हणाला, "शिंदखेड्याला गेलो होतो. मागच्या रविवारी पण, दुपारी. हो, तू नाही म्हटलंस तरी गेलो. काय करायचं ते कर."

"पोर कुणाचं दूध पिते?"

"पुष्पाचं."

"तिला कुठून आलं?"

"गेल्यापासून तिच्या आईनं पोरीला छातीवरून हलवलंच नाही. दिवसरात्र लावून धरलं. आठ दिवस काही नाही, मग यायला लागलं. आता वरचं दूध बंद आहे. आई, पोरगी ओळखू येत नाही एवढी भरलीये."

सुंदरबाईनं. माझ्या विहिणीनं. मी तिला नेहमी म्हणायचे, हिला बोलता येत नाही, चारचौघांत बसवायची सोय नाही.

मी विचारलं, "पुष्पा काही म्हणाली?"

"कापशीचं विचारत होती. मी सांगितलं पिल्लं झाली. तर म्हणे, पाजते का?"

"आणि?"

"आणि काय? तुझ्याबद्दल काही नाही विचारलं."

३ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. पित्त असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायचं तर खरं लिहायचं. ही वही कोणी वाचत नाही. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी मनातलं लिहा. तर लिहिते, आणि एकदाच लिहीन.

पुष्पा बाळंतपणाला माहेरी जाणार होती. रीत तीच. पण पोर वीस दिवस आधी आली, इथंच, माझ्या घरात. पाच डिसेंबर. कुंदाबाई नर्स वेळेवर आली, तिनंच सोडवली. जाताना म्हणाली, "अक्का, लगेच अंगावर घ्यायला सांगा. पहिलं पिवळं दूध टाकू नका. तेच औषध आहे."

मी म्हटलं, "आमच्यात तीन दिवस पाजत नाहीत. ते दूध जड असतं. तुम्ही तुमचा कागद भरा आणि जा."

तीन दिवस मी पोरीला पुष्पापासून वेगळं, माझ्याजवळ निजवलं. वातीनं गूळपाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पुष्पाची छाती दगडासारखी झाली, ती रडायला लागली. "आत्याबाई, एकदा घेऊ द्या ना." मी म्हटलं, "चार दिवस कळ काढ, आम्ही नाही काढली?" आणि वाडग्यात राख घालून दिली. तिच्याकडून सगळं त्या राखेत पिळून टाकवलं. मी स्वतः उकिरड्यावर टाकून आले. चौथ्या दिवशी पोर लावली तर तिला ओढायचा जोर नव्हता. झोपायचीच नुसती. मग शेळी.

गाय व्यायली की पहिला चीक मी वासराला पाजते. आमच्यासाठी खरवस नंतर. कोणी आधी मागितला तर अंगावर जाते, वासरू मरेल म्हणते. वासराचं मला कळतं.

तिला दूध होतं. मीच वाळवलं. आणि वर वीस बायकांसमोर तिलाच कोरडी म्हटलं.

झालं लिहून.

५ फेब्रुवारी

पिल्लांना लव आली. मखमलीसारखी. भिकन म्हणतो, अजून चार-पाच दिवसांत डोळे उघडतील. मी म्हटलं, उघडू दे. त्यानं लाजत पिंजऱ्याला नवीन गोणपाटाचा पडदा शिवून दिला. पिल्लांच्या बापाच्या घरून अहेर!

६ फेब्रुवारी, गुरुवार

नळावर शेवंताबाई. आणखी पाच-सहा जणी हंडे घेऊन. शेवंताबाईला गप्प बसवत नाही, सुनेचं काढलंच.

"कव्हय येई वं तुनी वहू? का येतच नही?"

मी हंडा लावला.

"येवानी बी कसाले? दूध ना पानी. कोरडी शे म्हने."

म्हने! कोण म्हणे? मीच म्हणे. माझेच शब्द, माझ्याच तोंडावर.

मी म्हटलं, "कोरडी नव्हती. मी तीन दिवस तिचं दूध राखेत टाकलं, म्हणून आटलं. आता शिंदखेड्याला आईच्या घरी अंगावर पाजते आहे. मी संक्रांतीला बोलले ते खोटं होतं. नीट ऐकू आलं का, का पुन्हा सांगू?"

नळाखाली हंडा भरून वाहत होता, कोणी उचलेना. शेवंताबाईनं तोंडातली तंबाखू थुंकली. मग हळूच म्हणते, "आम्ही बी टाकंच ना वं. बठ्ठ्याच टाकतीस."

"सगळ्या टाकत असाल. मी माझं सांगितलं."

हंडा डोक्यावर घेऊन आले. आता ती गल्लीभर सांगेल. सांगू दे. मी वीस जणींना सांगितलं होतं, ती चाळीस जणींना सांगेल. या कामाला तिच्याएवढी पक्की बाई नाही.

संध्याकाळपर्यंत यांच्या कानावर आलं. ताटावर बसल्यावर म्हणाले, "नळावर काय बोललीस म्हणे?"

"बोलले."

माझ्या ताटात त्यांच्या हातानं भाकरी वाढली. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली.

लीलाधर म्हणाला, "मग मी आणायला जाऊ का आता?"

मी म्हटलं, नको.

त्याचा चेहरा पडला. पडू दे. त्याला समजेल उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोस्टातून कार्ड आणवलं. लीलाधर म्हणाला, "आंतर्देशीय घे ना, बंद असतं. घरातली गोष्ट आहे." म्हटलं, कार्डच पाहिजे. पोस्टमन वाचेल, शेजारीण वाचेल, अर्धं शिंदखेडा वाचेल. तिची बदनामी मी बंद पाकिटात केली नव्हती.

सुनेला पत्र म्हणून हे पहिलंच. लिहिलं ते इथं उतरवून ठेवते:

"चि. पुष्पा हिला, धरणगावहून. तुला दूध होतं. तीन दिवस मी टाकायला लावलं म्हणून आटलं. कोरडी म्हटलं ते खोटं, ते मी नळावर सगळ्यांसमोर सांगितलं आहे. चूक माझी. कापशी पाजते. तीन जगली, तीन गेली, त्यात पण चूक माझी, भेटल्यावर सांगेन. तू आपल्या पायांनी यायचं नाही. लीलाधरला पण पाठवत नाही. तुझ्या दारात मी स्वतः येईन, तू ये म्हणालीस तर. येऊ का नको ते शनिवार पंधरा तारखेच्या आत कळव. नको असेल तर नको असंच लिही. पण लिही."